डोंगरावर गरम जेवण: आधी आधण ठेवा

दिवाळी झाली, हवेत गारवा आला की नाशिकमध्ये रविवारचे बेत सुरू होतात. अंजनेरी, रामशेज, ब्रह्मगिरी, जरा दमदार मंडळी असतील तर हरिहर, धोडप, साल्हेर. पहिल्यांदा निघालेल्यांच्या सॅका मी कितीतरी वेळा उघडून पाहिल्या आहेत. तीन लिटरचा कुकर, अर्धा किलो तांदूळ, कांदे, तेलाची बाटली, मिसळणाचा डबा, विळी नाही म्हणून चाकू, आणि हे सगळं धुवायला दोन बाटल्या पाणी. वर पोचेपर्यंत अकरा वाजलेले असतात, पोरं भुकेने रडकुंडीला आलेली असतात, आणि कोणीतरी वाऱ्यात कांदा चिरायला बसतं.

अशा प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगते. डोंगरावर स्वयंपाक करायचा नसतो, आधण ठेवायचं असतं. स्वयंपाक घरी झालेला असतो, नाहीतर पाकिटात आलेला असतो. बाहेर आपल्याला फक्त पाणी तापवायचं आहे. एवढं डोक्यात बसलं की सॅक निम्मी हलकी होते, गॅस कमी लागतो आणि जळलेलं पातेलं घासायची वेळ येत नाही.

यामागे एक साधं कारणही आहे. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. साल्हेरचा माथा १५६७ मीटर. तिथे ते ९५ अंशांनाच उकळायला लागतं. कच्ची डाळ आणि तांदूळ उघड्या पातेल्यात शिजवायला त्यामुळे जास्त वेळ लागतो, म्हणजे जास्त गॅस. आधीच शिजलेलं अन्न नुसतं गरम करायला मात्र हा फरक जाणवतसुद्धा नाही.

न्यायचं काय

दुकानात मिळणारी ओली पाकिटं तुम्ही पाहिली असतील: डाल माखनी, राजमा, पुलाव, कढी. ही पाकिटं भरून, सील करून, दाबाखाली साधारण १२१ अंशांपर्यंत तापवलेली असतात. त्यामुळे आतले जंतू मरतात आणि फ्रीजशिवाय ती महिनोन्‌महिने टिकतात. आपल्याकडे म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैनिकांच्या जेवणासाठी या तंत्रावर बरंच काम केलं आहे. नव्या माणसाने लक्षात ठेवायची गोष्ट ही की आतलं अन्न पूर्ण शिजलेलं असतं. स्टोव्ह बिघडला, पाऊस आला, तर तेच पाकीट गार खाल्लं तरी पोटाला काही होत नाही. चव थोडी कमी लागेल, इतकंच. पाकीट फुगलेलं असेल, शिवणीतून ओलसर लागत असेल किंवा फोडल्यावर वास वेगळा आला, तर मात्र चाखूनसुद्धा बघू नका. सरळ टाका.

दुसरा प्रकार सुक्या पाकिटांचा. यात गरम पाणी घालायचं, ढवळायचं आणि झाकून ठेवायचं. वजनाला हलकी, पण वर पाणी हवं. चार माणसांचं पाणी उचलून न्यायचं असेल तर हलक्या पाकिटाचा फायदा तिथेच संपतो. म्हणून ओलं की सुकं हे ठरवायच्या आधी वर पाणी आहे का, याची चौकशी करा. गडावरच्या टाक्यातलं पाणी गाळून, खळखळून उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर उकळू देऊन मगच पिण्याला किंवा जेवणात वापरा. उन्हाळ्यात टाकी आटतात, आणि जी आटत नाहीत त्यांतलं पाणी हिरवट झालेलं असतं.

तिसरा प्रकार माझ्या सगळ्यात आवडीचा, घरी केलेलं सुकं मिश्रण. उपम्याचं असं करा. बारीक रवा मंद आचेवर खमंग भाजा. वेगळ्या कढईत दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, सुक्या मिरच्या आणि भरपूर कढीपत्ता घाला. कढीपत्ता चुरचुरीत होईपर्यंत थांबायचं, घाई करायची नाही, कारण त्यात ओल राहिली तर मिश्रणाला वास येतो. त्यात रवा, मीठ, चिमूटभर साखर आणि अगदी थोडं लिंबूफूल घालून परता. पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. आठवडाभर आरामात टिकतं. माणशी पाऊण वाटी मिश्रणाला दीड वाटी उकळतं पाणी. दाणे हवे असतील तर वेगळे न्या आणि वरून घाला, म्हणजे कुरकुरीत राहतात.

पिठल्याचं मिश्रणही होतं, पण त्याला नुसतं गरम पाणी पुरत नाही. बेसन भाजलेलं असलं तरी गार पाण्यात कालवून, आधणात सोडून चार-पाच मिनिटं रटरटू द्यावं लागतं, नाहीतर कच्चट लागतं आणि गुठळ्या होतात. पहिल्या खेपेला पिठलं नको.

घरून केलेला डबा न्यायचा असेल तर पोळ्या, दशम्या, धपाटे, सुकी बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा. शिजवलेला भात, पातळ वरण, ओल्या खोबऱ्याची चटणी आणि पनीर घरीच राहू द्या. सकाळी सहाला भरलेला भात दुपारी दोनपर्यंत उन्हातल्या सॅकमध्ये कोमट राहतो, आणि जंतूंना नेमकी तीच ऊब लागते. पुन्हा गरम केल्याने जंतू मरतात, पण भातात वाढणाऱ्या एका जंतूचं विष तापवूनही जात नाही. भाजीला तार सुटली किंवा आंबूस वास आला तर ती गरम करून खपवायची नाही.

पहिली खेप विस्तवाशिवाय

नव्या मंडळींना मी पहिल्यांदा स्टोव्ह घेऊच देत नाही. त्याऐवजी एक लिटरचा चांगला स्टीलचा थर्मास घ्या.

अंजनेरीचा दिवस धरू. नाशिकहून त्र्यंबक रस्त्याने वीसेक किलोमीटरवर गाव आहे. पहाटे निघायच्या आधी थर्मासमध्ये उकळतं पाणी ओतून पाच मिनिटं ठेवा आणि ओतून द्या. थर्मासचं पोट आधी तापलं पाहिजे. मग पुन्हा खळखळतं पाणी काठोकाठ भरा. वर हवा राहिली की पाणी लवकर निवतं. झाकण लावून थर्मास जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळा आणि सॅकच्या मध्यभागी ठेवा.

तीन-चार तासांनी पठारावर बसाल तेव्हाही पाणी चटका लागेल इतकं गरम असतं. रुंद तोंडाच्या डब्यात उपम्याचं मिश्रण काढा, पाणी ओता आणि तळापासून दोनदा ढवळा, कारण कोरडा रवा नेहमी कोपऱ्यात दडून बसतो. झाकण लावा आणि डबा रुमालात बांधून दहा मिनिटं बाजूला ठेवा. ही दहा मिनिटं कोणालाच धरवत नाहीत. सहाव्या मिनिटाला झाकण उघडलं तर रवा दाताखाली कचकचतो. दहाव्याला उघडलं तर दाणा न्‌ दाणा फुललेला असतो आणि कढीपत्त्याचा वास बाजूच्या मंडळींपर्यंत जातो. एका लिटरमध्ये दोघांचा भरपेट उपमा आणि वर दोन कप चहा होतो.

ही पद्धत मी आधी शिकवते, त्याला दुसरंही कारण आहे. आपल्याकडचे बरेचसे गड वनखात्याच्या हद्दीत येतात. राखीव जंगलात विस्तव पेटवणं हा १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि गॅसचा स्टोव्ह हाही विस्तवच. अंजनेरीचं पठार तर दुर्मीळ वनस्पतींचं घर आहे. तिथल्या एका कंदीलपुष्पाला शास्त्रज्ञांनी अंजनेरीचंच नाव दिलं आहे. कड्यांवर गिधाडं घरटी करतात. दिवाळीनंतर गवत वाळतं आणि पाऊस येईपर्यंत एक ठिणगी पुरे असते. वणव्यात काळं पडलेलं पठार ज्याने पाहिलं आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तीन दगडांची चूल गडावर मांडायचीच नाही. स्टोव्ह पेटवायचा तो पायथ्याच्या गावात, घरमालकाला विचारून, अंगणात, नाहीतर ओळखीच्या शेतावर. गडावर पेटवायचा असेल तर वनखात्याला आधी विचारून.

स्टोव्ह घेताना आणि जोडताना

बाजारात दोन तऱ्हा दिसतात. एक गॅसच्या बुटक्या, गोल डबीवर फिरवून बसवायचा छोटा बर्नर. दुसरा चपट्या पेटीसारखा, ज्यात लांबट डबी आडवी बसते. चालत जायचं असेल तर पहिला, गाडीपाशीच बसायचं असेल तर दुसरा. दुसऱ्यात पातेलं डगमगत नाही, मुलं बरोबर असतील तर तोच बरा.

जोडताना घाई नको. बर्नरची खुंटी पूर्ण बंद आहे हे आधी बघा. आतलं रबराचं वायसर जागेवर आहे आणि चिरलेलं नाही याची खात्री करा. डबी उभी धरून बर्नर हाताच्या जोराने बसवा, पक्कड लावू नका. मग कान जवळ नेऊन ऐका. सूंऽऽ असा बारीक आवाज आला किंवा गॅसचा वास आला तर उघड्यावरच पुन्हा काढून बसवा. काडी पेटवून, मगच खुंटी हळूच उघडायची. उलट केलंत तर जाळ भपकन वर येतो.

पेटीच्या स्टोव्हवर मोठा तवा ठेवू नका. तव्याची कड डबीच्या कप्प्यावर आली की उष्णता खाली परतते आणि डबी तापते. दोन पेट्या शेजारी लावून वर एक मोठं पातेलं ठेवणं तर त्याहून वाईट.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते. घरच्या सिलिंडरमधून नळी लावून रिकाम्या डब्या भरून देणारे असतात, पैसे वाचतात म्हणून लोक भरूनही घेतात. तसं करू नका. त्या डब्या एकदाच वापरायच्या असतात. घरगुती गॅसमध्ये प्रोपेन मिसळलेला असतो, त्याचा दाब या डब्यांत मुख्यतः असणाऱ्या ब्यूटेन वायूपेक्षा जास्त, आणि तो पेलायला ते पातळ पत्र्याचं भांडं बनवलेलंच नसतं.

गॅसची डबी रेल्वेत आणि विमानात चालत नाही. स्वतःच्या गाडीतही ती काचेखाली उन्हात ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये नाशिकच्या उन्हात बंद गाडी किती तापते ते आपल्याला ठाऊक आहे, आणि डबीवर ५० अंशांची मर्यादा छापलेली असते.

पातेलं एकच, दीड-दोन लिटरचं, घट्ट झाकणाचं. भांडी बाजारात जाऊन हातात घेऊन बघा. जड बुडाचं नको, कारण भाजायचं काही नाही. झाकण नसलं तर निम्मा गॅस वाफेबरोबर जातो. एक सांडशी, एक कात्री, एक लांब चमचा, लायटर, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली काडेपेटी. पावसात लायटर दगा देतो, इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला तर हमखास.

गच्चीवरची तालीम

निघायच्या आदल्या रविवारी गच्चीवर एकदा करून बघा. डबी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून वजन मार्करने तिच्यावरच लिहा. एक लिटर पाण्याला झाकण ठेवून उकळी आणा, डबी गार होऊ द्या आणि पुन्हा वजन करा. वारा नसेल तर साधारण पंधरा ग्रॅमच्या आसपास गॅस जातो. म्हणजे २३० ग्रॅमच्या डबीत ढोबळमानाने पंधरा लिटर पाणी. वाऱ्यात हाच हिशेब दुप्पट होतो, त्यामुळे मी सातच लिटर धरते. पुढच्या खेपेला निघताना पुन्हा वजन केलं की किती गॅस उरलाय ते कळतं.

थंडीचं वेगळं. ब्यूटेन शून्याच्या किंचित खाली द्रवाचा वायू होतो, म्हणून पारा तिथवर उतरत आला की डबीत वायू कमी बनतो. निफाडला पारा पाचाच्या खाली जातो तशा पहाटे डबी भरलेली असूनही जाळ मलूल होतो. डबी रात्री पांघरुणात घ्या, किंवा पेटवायच्या आधी कोमट पाण्याच्या ताटलीत जरा वेळ उभी करा. जाळावर धरून डबी तापवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं कधीही करू नका.

वाऱ्याच्या बाबतीत माझी स्वतःची चूक सांगते. साल्हेरच्या पायथ्याशी एका अंगणात रात्री आम्ही चहा टाकला होता. वारा इतका की जाळ आडवा पडत होता. मी चार चपटे दगड आणून स्टोव्हभोवती चारही बाजूंनी उभे केले. जाळ सरळ झाला, पाणी सणसणायला लागलं, मला बरं वाटलं. दोन-तीन मिनिटांनी दगड सरकवायला हात घातला तर बोट डबीला लागलं आणि चटका बसला. एरवी जळताना डबी गार पडते, बाहेरून तिला दव धरतं. मी खुंटी बंद केली, सगळ्यांना मागे घेतलं आणि दगड काठीने ढकलले. त्या रात्री चहा झाला नाही. तेव्हापासून आडोसा फक्त वाऱ्याच्या बाजूला, आणि स्टोव्हपासून वीतभर लांब. डबीला मधूनमधून हात लावून बघायचा. कोमट लागली तरी बंद करायची.

जागा निवडताना कातळ किंवा सारवलेली जमीन बघा. आजूबाजूला दोन हात गवत, पाचोळा, सॅक, ओढणी काही नको. पाण्याची एक भरलेली बाटली शेजारी. तंबूच्या आत, बंद गाडीत, गुहेच्या आतल्या कोंदट बाजूला स्टोव्ह लावायचा नाही. तिथे कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो, त्याला वास नसतो, आणि माणसाला झोप येतेय असं वाटतं.

पाकीट गरम करणं

पाकिटाबाहेरचा कागदी खोका घरीच काढून ठेवा, पण त्यावरची सूचना आधी वाचा. काही पाकिटं पाण्यात उकळण्यासारखी नसतात, त्यातलं अन्न भांड्यात काढूनच गरम करायचं असतं.

पातेल्यात दोन पाकिटं उभी ठेवा आणि ती बुडतील इतकंच गार पाणी घाला. बहुतेक सूचनांत उकळत्या पाण्यात तीन ते पाच मिनिटं असं लिहिलेलं असतं. मी पाकिटं गार पाण्यातच टाकते, म्हणजे पाणी तापता तापता ती पण तापत जातात. झाकण ठेवून उकळी आली की गॅस बंद करायचा आणि झाकण ठेवूनच सात-आठ मिनिटं तसंच ठेवायचं. पाकिटाची कड पातेल्याच्या काठावरून बाहेर लोंबू देऊ नका, जाळाने ती वितळते. मधे एकदा सांडशीने पाकीट बाहेर काढून, रुमालात धरून हलकेच चुरा. राजम्याचा रस्सा खाली बसलेला असतो आणि मधला गोळा गारच राहिलेला असतो. चुरून पुन्हा पाण्यात.

फोडताना कोपरा कात्रीने कापा, तोंड स्वतःपासून लांब ठेवून. दातांनी फाडायला गेलं की उकळता रस्सा हनुवटीवर येतो. एकदा फोडलेलं पाकीट त्याच बैठकीत संपवायचं, संध्याकाळसाठी ठेवायचं नाही.

राहिलेल्या गरम पाण्याचा चहा करू नका. पाकिटावर गोदामाची धूळ आणि छपाईची शाई असते. त्याच पाण्याने ताटल्या आणि हात धुवा, तेलकटपणा साबणाशिवाय निघतो.

घरची भाजी गरम करायचीही हीच रीत. स्टीलचा डबा अर्धा बुडेल इतक्या गरम पाण्यात ठेवायचा, म्हणजे भाजी तळाला लागत नाही. डब्याचं झाकण सैल करायला विसरू नका, नाहीतर वाफ कोंडते, आणि निवताना झाकण असं चिकटतं की उघडत नाही. पोळ्या फडक्यात बांधून पातेल्याच्या झाकणावर ठेवा. खालून ऊब मिळते आणि त्या भिजतही नाहीत.

विस्तवाशिवाय गरम होणारी पाकिटंही मिळतात. त्यांच्या पिशवीत मॅग्नेशियमची पूड किंवा चुनकळी असते, पाणी घातलं की ती स्वतःच तापते. दहा-बारा मिनिटांत जेवण गरम होतं. पाणी खुणेइतकंच घाला आणि पिशवी तिरकी टेकवून ठेवा. वाफ हात भाजेल इतकी गरम असते, आणि मॅग्नेशियमच्या पिशवीतून हायड्रोजन निघतो, म्हणून जवळपास काडी पेटवायची नाही, तंबूत वापरायची नाही. माझ्या मते रोजच्या भटकंतीला ती महाग पडतात आणि कचरा फार करतात.

जेवायला बसताना माकडांकडे लक्ष असू द्या. अंजनेरी, हरिहर, सप्तशृंगी, सगळीकडे ती आहेत. पिशवीची चुरचुर त्यांना लांबून कळते. एका वेळी एकच डबा उघडा, बाकीचं सॅकमध्ये चेन लावून. त्यांना काही खाऊ घालू नका. आज मिळालेल्या चपातीसाठी उद्या ती दुसऱ्याच्या लहान मुलाच्या अंगावर जातात.

टाक्यात हात बुडवून भांडी धुवायची नाहीत, ते पाणी गडावर येणारे आणि गुरं राखणारे पितात. रिकामी पाकिटं पोळीच्या तुकड्याने पुसून घ्या, चपटी घडी करून जाड पिशवीत भरा. ती जाळू नका. आतला ॲल्युमिनियमचा थर जळत नाही, काळा चुरा होऊन वर्षानुवर्षं तिथेच पडून राहतो. घरी आल्यावर पाकिटं घंटागाडीत सुक्या कचऱ्याबरोबर द्या. गॅसची डबी उघड्यावर बर्नर लावून शेवटचा थेंब जळेपर्यंत संपवा आणि वेगळी, हातात देऊन सांगा की ही गॅसची डबी आहे.